निगुडकर काकांची बोली

संगणकावर कुठलाही नवा प्रोग्रॅम चढवायचा म्हटलं की आधी एक लांबच लांब करारनामा समोर येतो आणि त्याच्या खाली ‘मला हे सगळं मान्य आहे’ असं म्हणणारं एक बटण असतं. तुम्ही-आम्ही ते बटण दाबतो आणि पुढे जातो. तो करारनामा पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, निगुडकर काका. त्यांना दोन संध्याकाळी लागल्या.

त्यांच्याकडे तेव्हा नवाकोरा संगणक आला होता आणि व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम चढवून द्यायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी सवयीनं बाण बटणाकडे नेला, तसा त्यांनी माझा हात धरला.

“थांबा, सबनीस. कागद काय म्हणतो ते आधी बघू.”

मी म्हटलं, काका, हे कुणीच वाचत नाही. ते म्हणाले, म्हणूनच लिहिणाऱ्याचं फावतं. मग त्यांनी चष्मा पुसला, ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली आणि संगणकाच्या पडद्यावर आडवी धरून एकेक ओळ खाली सरकत वाचायला सुरुवात केली. चौदाव्या कलमात कंपनी कशालाही जबाबदार नाही असं लिहिलं होतं. तिथे त्यांची पट्टी थांबली. “मग ही कंपनी आहे कशाला?” असं त्यांनी मला विचारलं, जणू ती मीच काढली होती. दुसऱ्या संध्याकाळी कलम सहा आणि कलम एकोणीस एकमेकांशी जुळत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला काकूंना बाहेर बोलवावंसं वाटलं. त्यांनी कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. प्रोग्रॅम चढला, पण काकांच्या लेखी तो ‘हरकत नोंदवून’ चढला.

ही गोष्ट गाझियाबादेतली. त्या काळात दिल्लीत घर घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं आणि यमुनेपलीकडे शेतांमधून दहा-दहा मजली सोसायट्या उगवत होत्या. बँका बोलावून बोलावून कर्ज देत होत्या. आमच्या सोसायटीला लिफ्ट होती, क्लब हाउस नकाशात होतं आणि पाणी टँकरचं होतं. आठ मजल्यांच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच: चौथ्या मजल्यावर आम्ही आणि आमच्या समोरच्या दारात निगुडकर. मी नोएडातल्या एका कंपनीत हिशेबाचे प्रोग्रॅम सांभाळत होतो, म्हणजे काकांच्या मते मला संगणकातलं सगळं येत होतं.

काका केंद्र सरकारच्या एका खात्यात भांडार विभागातून निवृत्त झाले होते. खात्याला लागणाऱ्या खुर्च्या, पंखे, दौती, टाचण्या विकत घेणं आणि त्या मोडल्या की लिलावात काढणं, यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली. कागदावर त्यांचा जो विश्वास होता तो माणसांवर नव्हता, आणि माणसांवर नव्हता म्हणून त्यांचं कुणाशी वाकडंही नव्हतं. कुरिअरवाला पावती पुढे करायचा तेव्हा काका तिच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचायचे. तो बिचारा “साब, बस साइन कर दो” म्हणत एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचा. पुढे पुढे तर तो आमचीच बेल वाजवून काकांची पाकिटं आमच्याकडे द्यायला लागला. सोसायटीच्या वार्षिक सभेत काका उभे राहिले की पंजाबी मंडळी घड्याळं काढून टेबलावर ठेवायची. पण लिफ्टच्या कंपनीनं देखभालीच्या करारात आम्हाला कुठे गुंडाळलंय हे शोधलं काकांनीच, आणि त्यानंतर बिल्डर त्यांना दुरून पाहिलं की गाडीत बसायचा.

त्यांची एकच सवय माझ्या बायकोला, मीनलला, खटकायची. ते काकूंना बोलू द्यायचे नाहीत.

पूर्वी तसं नव्हतं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा काकूच आधी आल्या होत्या, हातात कोथिंबिरीच्या वड्यांची ताटली घेऊन, आणि अर्ध्या तासात त्यांनी मीनलला मिरजेच्या माहेरापासून ते दुधात पाणी घालणाऱ्या भय्यापर्यंत सगळं सांगून टाकलं होतं. मग त्या उन्हाळ्यात त्यांना दहा दिवस हॉस्पिटलात ठेवलं. काकांनी सगळ्यांना सांगितलं की बीपी वाढलं होतं, आता बिल्कुल ठीक आहे. त्यानंतर काकू घराबाहेर फारशा पडेनात. आम्ही गेलो की हसायच्या, मान हलवायच्या. मीनलनं विचारलं, काकू, कशा आहात, की काका म्हणायचे, बरी आहे. विचारलं, भाजी कुठली आणलीत, की काका म्हणायचे, तोंडली. एकदा मीनलनं मुद्दाम काकूंकडे तोंड करून विचारलं की तुमच्या साडीचा रंग कोणता म्हणायचा, तर काकांनी पेपरातून डोकं वर न काढता “आमसुली” म्हणून सांगितलं. घरी आल्यावर मीनल म्हणाली की तेहेतीस वर्षं टाचण्या मोजलेल्या माणसाला बायकोचे शब्दही मोजूनमापून द्यावेसे वाटतात. मीसुद्धा हसलो.

तर एका रविवारी सकाळी काका आमच्याकडे आले आणि म्हणाले, संगणकावर मराठी उमटवायचंय. मोठं, स्वच्छ, छापल्यासारखं. काय लागेल?

त्या वेळी संगणकावर मराठी ही सोपी गोष्ट नव्हती. पुण्याच्या एका कंपनीचं अक्षरांचं पॅकेज मिळायचं, छापखानेवाले ते वापरायचे. ते चांगलं होतं आणि महाग होतं. मी काकांना म्हटलं, विकत कशाला घेता, माझ्या ऑफिसात एकाकडे त्याची कॉपी आहे, उद्या सीडीवर उतरवून आणतो.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावले नाहीत, पण मी त्यांना सरकारी पंखा घरी न्या असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “चोरीची अक्षरं नकोत, सबनीस,” ते म्हणाले. “ह्या कामाला तर अजिबात नकोत.” कसलं काम, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, लिफ्ट कंपनीला मराठीतून नोटीस पाठवायची असेल.

मग चार-पाच दिवसांनी ते पुन्हा आले ते थेट तरुण होऊन आले. संगणकावर लिलाव चालतो हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. घरबसल्या माल बघायचा, बोली लावायची, वेळ संपली की ज्याची बोली मोठी त्याला माल. आणि तिथे ते मराठीचं पॅकेज होतं. नवीन, सीलबंद, ओरिजनल. दुकान बंद करायचंय म्हणून विकणे आहे. किमान बोली, बाजारभावाच्या एक चतुर्थांश.

“एक चतुर्थांशात सीलबंद माल कोण देतं, काका?” मी म्हटलं.

“दुकान बंद करणारा देतो,” ते म्हणाले. “तेहेतीस वर्षं मी दुसरं काय पाहिलं?”

विक्रेत्यानं स्वतःचं नाव ‘ओरिजनल किंग’ ठेवलं होतं. मी म्हटलं, जो स्वतःला ओरिजनल म्हणवतो त्याच्यापासून जरा जपून. काकांनी त्यावर मला तक्ता दाखवला. सरकारी पद्धतीनं त्यांनी तीन विक्रेत्यांची तुलना आखली होती: माल, स्थिती, पोचवण्याची मुदत, आधीच्या गिऱ्हाइकांचं मत. किंगसाहेबांना एकतीस गिऱ्हाइकांनी शंभर टक्के चांगलं म्हटलं होतं. एकतीसच्या एकतीस मतांमध्ये ‘व्हेरी गुड सेलर’ एवढेच तीन शब्द होते आणि एकतीसही वेळा ‘सेलर’मध्ये एकच स्पेलिंगची चूक होती. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. काकांनी त्याला आधीच बारा प्रश्न लिहून पाठवले होते. परवाना हस्तांतर करता येतो का, मूळ पावती मिळेल का, खोक्याचं सील कुणी लावलंय. बाराही प्रश्नांना एकच उत्तर आलं होतं: ‘यस सर, हंड्रेड परसेंट ओरिजनल सर.’ काकांनी त्याची छापील प्रत काढून फाइलला लावली. कागद हो म्हणत होता.

लिलाव रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संपायचा होता. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं, म्हणजे मध्येच कुणाचा फोन आला की गेलंच. काकांनी नातेवाइकांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की उद्या दुपारी कुणी मरायला टेकलं तरी पाचनंतर कळवा. वीज जाऊ शकते म्हणून जनरेटरवाल्याला भेटून आले. साडेतीनला मला बोलावलं. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. लिलावाला ते कधी घरच्या कपड्यांत बसले नव्हते.

त्यांचं तंत्र जुनं होतं. म्हणाले, शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही, मोडक्या खुर्च्यांच्या लिलावात खरा घेणारा नेहमी मागे उभा राहून विडी ओढत असतो. चार वाजून आठ मिनिटांनी त्यांनी पहिली बोली लावली. लगेच कुणीतरी तिच्यावर बोली चढवली. नाव होतं ‘दिल्ली रोज’, म्हणजे दिल्लीचा गुलाब. काकांनी वाढवली, गुलाबानंही वाढवली. काकांच्या कपाळावर घाम आला आणि डोळ्यांत मजा आली. आतल्या खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या पडद्याकडे नव्हत्या बघत, काकांकडे बघत होत्या. शेवटच्या वीस सेकंदांत काकांनी एकदम मोठी उडी घेतली आणि गुलाब गप्प झाला. घड्याळ शून्यावर आलं, पडद्यावर अभिनंदन उमटलं. काका खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले की निवृत्तीनंतर एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

आता सांगायला हरकत नाही की तो गुलाब आणि तो किंग ही एकाच माणसाची दोन नावं होती. आपल्याच मालावर आपणच बोली चढवत त्यानं काकांना बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत आणलं होतं.

पैसे डिमांड ड्राफ्टनं आधी पाठवायचे होते. पाठवले. त्यानंतर सोळा दिवस काका रोज दुपारी गॅलरीत उभे राहून गेटकडे बघायचे. मी ऑफिसातून आलो की विचारायचे, कुरिअरवाला तुमच्याकडे काही देऊन गेला का. एवढी घाई मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. ज्या माणसानं दुधाचं कार्ड बदलायला दोन महिने घेतले, तो सोळा दिवसांत सोळा वेळा विचारत होता.

सतराव्या दिवशी खोकं आलं. सील होतं, ते साध्या चिकटपट्टीचं होतं. खोक्यावरचं चित्र रंगीत झेरॉक्स काढून डकवलेलं होतं, आणि एका कोपऱ्यात झेरॉक्स काढताना आलेलं कुणाचंतरी बोटही छापलं गेलं होतं. आत एक सीडी, तिच्यावर निळ्या मार्करनं ‘मराठी’ लिहिलेलं, आणि वहीच्या कागदावर एक नंबर. काकांनी खोक्याच्या सगळ्या बाजू वाचल्या. मी सीडी चढवली. नंबर टाकला. पडद्यावर उत्तर आलं की हा नंबर दुसऱ्या कुणाच्या नावावर आधीच नोंदलेला आहे.

काकांनी पुण्याला कंपनीत फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तो नंबर सांगलीकडच्या एका छापखान्याच्या नावावर होता आणि याच महिन्यात त्या नंबरबद्दल विचारणारे काका सहावे होते. “तुम्ही फसलात हो,” असं त्या म्हणाल्या असाव्यात, कारण काका फोनमध्ये दोनदा “होय” म्हणाले आणि मग म्हणाले, “नाही, तुमचा काही दोष नाही.”

मग काकांनी तक्रार लिहिली. नऊ पानं, सात जोडपत्रं, बोटाच्या फोटोसह. लिलाव चालवणाऱ्यांकडून दोन दिवसांत उत्तर आलं. आम्ही फक्त विकणारा आणि घेणारा यांना भेटवून देतो, माल खरा की खोटा याची जबाबदारी आमच्यावर नाही, आमच्या अटींमधलं कलम बावीस पहावं. ओरिजनल किंगचं नाव तोवर यादीतून गायब झालं होतं आणि त्याच खोक्याच्या त्याच फोटोखाली एक ‘जेन्युइन किंग’ अवतरला होता.

ते पत्र मी मोठ्यानं वाचत होतो. कलम बावीसपाशी मला राहवलं नाही. मी हसत म्हटलं, काका, एवढं वाचणारा माणूस, आणि हेच कलम वाचायचं राहिलं?

“वाचलं होतं,” काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“वाचलं होतं, सबनीस. दोनदा वाचलं. किंगचीही ती एकतीस मतं वाचली. कळत नव्हतं असं नाही.” त्यांनी पत्राची घडी घातली. “पूर्ण किमतीचा माल पुण्याहून मागवायचा तर आधी तुमच्या त्या कंपनीचं दिल्लीचं दुकान शोधा, ते म्हणणार तीन आठवडे लागतील. इथे चार दिवसांत पोचवतो असं लिहिलं होतं. चार दिवस. मला तेवढंच दिसलं.”

कसली घाई होती, हे मी विचारणार तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. ट्रे माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “छत्री घालू?”

काकूंचा चेहरा बदलला. शब्द चुकला हे त्यांना कळलं होतं. बरोबर कोणता, ते सापडत नव्हतं. ओठ हलले, हात ट्रेवर घट्ट झाला. काका उठले, त्यांच्या हातातून ट्रे घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात मला म्हणाले, “साखर घालू का विचारतेय. तुम्ही एक घेता ना?”

आमसुली साडी आणि तोंडल्याची भाजी मला तेव्हा कळली. मी एक चमचा साखर घेतली. मला ती नको होती.

काकू आत गेल्यावर काका मला गॅलरीत घेऊन गेले. खाली टँकरभोवती बादल्या लागल्या होत्या. बीपी नव्हतं, ते म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. हातपाय वाचले, शब्द गेले. गेले म्हणजे आत आहेत, पण हाताला दुसरेच लागतात. हॉस्पिटलातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की चित्रं आणि खाली मोठ्या अक्षरांत शब्द, अशी कार्डं रोज समोर धरा, वाचायला लावा. पहिले सहा महिने मोलाचे, नंतर जोर कमी पडत जातो. त्यांनी कार्डं दिलीही, हिंदी आणि इंग्रजीतली.

“तीस वर्षं दिल्लीत राहिली, पण भाजीवाल्याच्या पलीकडे तिचं हिंदी गेलं नाही,” काका म्हणाले. “ती डोक्यात पळी म्हणते. कार्ड म्हणतं कडछी. तिला ती कडछी ओळखूच येत नाही. सहातले साडेचार महिने झाले.”

मी म्हटलं, हातानं लिहायची होती कार्डं.

ते आत गेले आणि एक बुटाचं खोकं घेऊन आले. त्यात वीसेक कार्डं होती, काकांच्या हातची. मी पहिलं उचललं. मुंग्यांची रांग पावसात सापडल्यासारखं काहीतरी होतं. मला ते वाचता येईना. काकांनी सांगितलं, ‘पोळपाट’.

“माझं अक्षर तिला कधीच लागलं नाही. लग्नाआधी मी पत्रं लिहायचो, ती तिची बहीण जुळवून जुळवून वाचून दाखवायची. पुढे बहिणीनंच मला कळवलं की जरा बेतानं लिहा.”

हे सांगताना ते हसले, म्हणून मलाही हसता आलं. मग मी म्हटलं की काका, आम्ही समोरच्या दारात राहतो. मीनलचं अक्षर छापल्यासारखं आहे. एका संध्याकाळी लिहून झाली असती.

“मग तुम्हाला सांगावं लागलं असतं,” काका म्हणाले. “तिनं हॉस्पिटलातून निघताना माझा हात धरून मान हलवली होती. अशी.” त्यांनी नाही म्हणून मान हलवून दाखवली. “तिला बोलण्याचा अभिमान होता, सबनीस. सबंध कॉलनीत तिच्यासारखं बोलणारी नव्हती. आता लोकांनी यावं आणि तिनं छत्री म्हणावं? मी म्हटलं, ठीक आहे, तोवर मी बोलतो.”

मी घरी येऊन मीनलला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जाड कागद, स्केचपेन आणि कात्री घेऊन समोरच्या घरी गेली, आणि काकांना म्हणाली की मला कार्डं करायची आहेत, तुम्ही बाहेर बसा. काकूंपुढे बसून तिनं विचारलं नाही की तुम्हाला काय झालंय. तिनं विळीचं चित्र काढलं, खाली ‘विळी’ लिहिलं आणि म्हणाली, काकू, माझ्या मुलीला हा शब्द येत नाही, ती ‘वो काटनेवाला’ म्हणते. आपण तिच्यासाठी करू या. काकू कार्डाकडे बघत राहिल्या आणि मग हळूच, तुटक, पण स्पष्ट म्हणाल्या, “वि-ळी.”

काकांनी त्याच दिवशी पुण्याच्या त्या बाईंना पुन्हा फोन केला. खरं पॅकेज पूर्ण किमतीला मागवलं. बाईंनी ‘एवढी घाई कशाला’ असं विचारलं असावं, कारण काकांनी प्रथमच कुणाला तरी आपण होऊन खरं सांगितलं. तीन आठवडे वगैरे काही लागले नाहीत. सहाव्या दिवशी पार्सल दारात होतं. आत पॅकेज होतं, पावती होती आणि पॅकेजच्या यादीत नसलेली एक जादा सीडी होती, स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या चित्रांची. सोबत चिठ्ठी: ‘उपयोग होईल.’ काकांनी ती सीडी पावतीत का दाखवलेली नाही म्हणून कंपनीला पत्र लिहिलं आणि शेवटी, त्यांच्या सबंध पत्रव्यवहारात मी पहिल्यांदाच पाहिलं असं, आभार मानले.

त्यानंतरचे दोन महिने त्या घरात कारखाना चालला होता. काका छापायचे, मी संगणक अडला की सोडवायचो, मीनल चित्रं रंगवायची, आमची मुलगी शाळेतून आली की काकूंच्या शेजारी बसून कार्डं वाचायची आणि ‘परात’ला ‘बडी प्लेट’ म्हटलं की काकू मान हलवून तिला दुरुस्त करायच्या. कधी दुरुस्तीही चुकायची. मग दोघी हसायच्या. काकूंचं हसणं आमच्या दारापर्यंत ऐकू यायला लागलं.

भांडण फक्त वर्गीकरणावरून झालं. काकांनी कार्डांचे दोन गठ्ठे केले होते आणि वर चिठ्ठ्या लावल्या होत्या, ‘उपभोग्य’ आणि ‘अनुपभोग्य’. खात्यात तेहेतीस वर्षं वस्तूंची हीच विभागणी होती: संपते ती उपभोग्य, टिकते ती अनुपभोग्य. वांगं, साबण, उदबत्ती एकीकडे. पातेलं, उशी, चष्मा दुसरीकडे. मीनल म्हणाली, काका, हे घर आहे. काका म्हणाले, घरातसुद्धा माल दोनच प्रकारचा असतो. मग नातेवाइकांची कार्डं आली आणि पद्धत कोलमडली. मुलगा बंगलोरला, सून, नातू, मिरजेची बहीण. ती कुठल्या गठ्ठ्यात जाणार? काका खरोखरच अडले. मीनलनं विचारलं, आणि तुम्ही स्वतः? काकूंनी पुढे वाकून त्यांचं कार्ड उचललं, दोन्ही गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि ‘अनुपभोग्य’वर ठेवलं. काका म्हणाले, नियमाप्रमाणे बरोबर आहे.

त्या कार्डावर काकांनी पेन्शनच्या फॉर्मसाठी काढलेला फोटो चिकटवला होता. त्यात ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत होते. खाली नाव नव्हतं. जन्मभर काकूंनी त्यांना नावानं हाक मारलेली नव्हती, मग नाव लिहून काय उपयोग? खाली मोठ्या, स्वच्छ, रीतसर विकत घेतलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘अहो’.

काकू बऱ्याच सुधारल्या. सगळं परत आलं नाही. वस्तूंचे शब्द आले, भाज्या आल्या, रंग आले, मिरजेच्या बहिणीशी फोनवर पाच मिनिटं बोलण्याइतकं आलं. हॉस्पिटलातल्या बाईंनी काकांकडून सगळ्या कार्डांच्या प्रती मागून घेतल्या, कारण छावणीतून येणाऱ्या एका मराठी सुभेदाराच्या आईला त्या लागणार होत्या. काकांनी दिल्या, पोच घेऊन. जेन्युइन किंगच्या मालाखाली मात्र ते वर्षभर रोज सकाळी आपले बारा प्रश्न टाकत राहिले, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला निदान वाचायला काहीतरी मिळावं. नागपूरच्या एका मास्तरांनी ते वाचून माल घेतला नाही आणि काकांना फोन करून कळवलं. पैसे परत मिळाले असते तरी काका एवढे खूश झाले नसते.

एका शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. टेलिफोनच्या बिलाच्या मागच्या मजकुरावरून ते मला काहीतरी समजावत होते, पट्टी धरून. आतून काकूंचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“मंगळवार!”

मला वाटलं, त्या वार आठवून बघतायत. मी म्हणणार होतो की काकू, आज शनिवार. पण काकांनी पट्टी खाली ठेवली होती आणि ते चपला शोधत होते.

“मला बोलावतेय,” ते म्हणाले. “परवा मी किल्ली होतो.”

आणि आतल्या खोलीकडे जाता जाता, कुणीही नवरा देतो तशी, त्यांनी ओ दिली.